पलंगाखालची बॅटरी

मामांच्या शर्टांना भोकं असायची. शर्ट कितीही नवा असो, महिन्याभरात पोटावर बारीक भोकांची चाळण व्हायची. बॅटरीतलं अ‍ॅसिड डोळ्याला न दिसता उडतं, आणि कपडा धुतला की मग आपली कामगिरी दाखवतं. मामी ते शर्ट वाळत घालताना उजेडाकडे धरायच्या आणि म्हणायच्या, "अहो, यातून चहा गाळता येईल."

मामा म्हणजे कुणाचे सख्खे मामा नव्हेत. त्यांचं बॅटऱ्यांचं दुकान होतं, सगळा रस्ता त्यांना बॅटरीमामा म्हणायचा, म्हणून त्यांची बायको आपोआप मामी झाली. ट्रकच्या, मोटारींच्या, वीज गेल्यावर घरातला पंखा चालवणाऱ्या, असल्या सगळ्या बॅटऱ्या त्यांच्याकडे यायच्या. दुकान लांबट आणि अरुंद. एका भिंतीला जाड लाकडी फळी, फळीवर ओळीने बॅटऱ्या, त्यांच्या डोक्यांना लाल-काळे चिमटे. चार्जिंग चालू असलं की आतून बारीक बुडबुड आवाज यायचा, भात शिजत आल्यासारखा. बाकी आंबट वास. मामांना तो वास येत नसे. मामींना तो मामांचाच वाटायचा.

मामा स्वभावाने गरीब, पण एका गोष्टीवरून त्यांचं डोकं हमखास फिरायचं. कुणीतरी गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "मामा, दोन बॅटऱ्यांतली एकच बिघडलीय. एकच नवी घेतो आणि जुनीच्या शेजारी जोडतो, चालेल ना?"

"जोडा! खुशाल जोडा! आणि मग दोन्ही घेऊन माझ्याकडे रडत या!" मामा कडाडायचे. मग पाणी पिऊन शांत व्हायचे आणि समजावून सांगायचे. भरलेली बॅटरी रिकामीच्या शेजारी जोडली की ती देत सुटते. तिला कुणी सांगावं लागत नाही, दिवा लावावा लागत नाही, काही नाही. ही देते, ती घेते. वरून बघाल तर दोघी आपल्या शांत बसलेल्या. आत भरलेली उतरत असते.

मामी दुपारी डबा घेऊन दुकानात यायच्या आणि स्टुलावर बसून हे भाषण ऐकायच्या. त्यांना ते तोंडपाठ होतं. "आणि आपलं कसं हो?" एकदा त्यांनी गिऱ्हाइकादेखत विचारलं. "तुम्ही जुने, मी नवी. किती वर्षं शेजारी जोडून ठेवलंय मला!" गिऱ्हाईक हसलं, शेजारच्या दुकानातून घड्याळजी खो-खो हसला. मामा लाजले. लाजले की ते उजवा कान खाजवायचे. खोटं बोलतानाही तोच कान खाजवायचे, त्यामुळे मामींपुढे त्यांचं कधी काही लपलं नाही.

मामींच्या छातीत, डाव्या खांद्याच्या जरा खाली, कातडीच्या आत एक छोटी डबी बसवलेली होती. पेसमेकर. मामींचं हृदय स्वतःहून ठोका द्यायचं जवळजवळ विसरलं होतं. ही डबी त्याला दर वेळी ढोसून जागं करायची. डबीत एक सेल. तो बरीच वर्षं पुरतो, पण शेवटी सेलच तो. शिवाय चार्ज न होणारा. कारखान्यात एकदाच भरतात, संपला की डबीच बदलायची.

त्या वर्षी मामींना खोकला झाला आणि तो काही केल्या हटेना. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नेहमीसारखी डबी तपासायची बशीएवढी चकती त्यांच्या छातीवर ठेवली, पडद्याकडे बघितलं, आणि चकती जरा सरकवून पुन्हा बघितलं.

"मामी, सेल संपत आलाय. डबी बदलावी लागेल."

"मग बदला की," मामा म्हणाले.

"बदलणारच. पण छातीत कफ आहे, अंगात ताप आहे. अशात चिरलं तर जंतू थेट हृदयापर्यंत जातील. मागच्या वेळी जखम किती चिघळली होती, आठवतंय ना? आधी ताप उतरू दे."

"आणि तोवर सेल पुरेल?"

बाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. "पुरायला हवा," त्या म्हणाल्या. "पण काठावरचं आहे, मामा."

घरी आल्यावर मामींनी चहा केला. मामांपुढचा कप तसाच निवला. सगळ्या गावाच्या बॅटऱ्या भरायच्या, दिवसभर हातात चिमटे, आणि घरातला एवढासा सेल, तो मात्र आपल्याला भरता येत नाही, हे काही त्यांच्या गळ्याखाली उतरेना.

"असं तोंड करून बसू नका," मामी म्हणाल्या. "मी अजून उतरलेली नाही."

त्यानंतर पहिल्यांदा बंद पडलं ते झोपायच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ. मामींच्या उशाशीच होतं ते. मामांनी घड्याळजीकडून सेल आणून घातला. सकाळी घड्याळ पुन्हा बंद. मग मामींच्या उशाजवळची विजेरी लागेना. मग टीव्हीचा रिमोट, जो मामी उशीखाली घेऊन झोपायच्या. मग मामांचा मोबाइल, संध्याकाळी भरून ठेवलेला, सकाळी मेलेला.

"मामा, घरी सेल तळून खाता काय?" घड्याळजी भिंगाच्या वरून बघत म्हणाला. "माझा सगळा डबा तुम्हीच संपवलात."

"माल कुठून आणतोस तू? सगळे शिळे सेल."

"शिळे? कालच आलेत! मीटर लावून बघा आणि मग बोला."

मामांनी खरंच मीटर लावून बघितलं. ते हिशोबी माणूस, असल्या बाबतीत अंदाजपंचे त्यांना चालायचं नाही. त्यांनी दोन सारख्या विजेऱ्या घेतल्या, दोन्हींत एकाच पाकिटातले सेल घातले. एक मामींच्या उशाशी ठेवली, एक स्वयंपाकघरात. सकाळी स्वयंपाकघरातली लख्ख लागली, उशाजवळची लागली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी जागांची अदलाबदल केली. पुन्हा उशाजवळचीच मेली. तिच्यातले सेल मीटरवर घातले, तर काटा जागचा हलेना. सेल उतरतो तेव्हाही तळाशी थोडं काही उरतंच. हे सेल कुणीतरी पिळून वाळत टाकल्यासारखे होते.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी चकती ठेवली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी दुसरं मशीन मागवलं. तेही ठेवून बघितलं.

"मागच्या वेळी मशीनने चुकीचं दाखवलं असणार," त्या सावकाश म्हणाल्या. "सेल चांगला आहे. बरीच वर्षं आहेत अजून. पण मी तर दोनदा बघितलं होतं..."

"असा सेल भरता येतो का हो, बाई? बाहेरून?" मामांनी विचारलं.

"छे! तुम्हीच सांगा, तुमचा धंदा आहे."

"नाही येत," मामा म्हणाले. त्यांच्या हातावर काटा उभा राहिला होता. त्यांनी बाही खाली ओढून घेतली.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मामींनी विचारलं, "काय हो, बरं सांगितलं ना बाईंनी? मग गप्प का?"

"बरंच सांगितलं," मामा म्हणाले, आणि त्यांनी मामींचा हात धरला. भर रस्त्यात त्यांनी हात धरला म्हणून मामींनी इकडेतिकडे बघून घेतलं.

त्या संध्याकाळी मामा दुकानातून एक भरलेली ट्रकची बॅटरी स्कूटरवर, दोन पायांच्या मध्ये ठेवून घरी घेऊन आले. ओढत झोपायच्या खोलीत नेली आणि मामींच्या बाजूने पलंगाखाली सरकवली.

"हे काय आणखी?" मामी दारात उभ्या.

"दुकानात जागा नाही," मामा म्हणाले, आणि त्यांनी कान खाजवला.

मामी बघत राहिल्या.

सकाळी मामी अंघोळीला गेल्यावर मामा जमिनीवर पालथे पडून पलंगाखाली शिरले. बॅटरी पार उतरलेली होती. एवढी मोठी बॅटरी एवढ्याशा वेळात उतरायची तर तारा तापून लाल होतात, टर्मिनलं काळी पडतात. इथे तारच नव्हती. मामांनी हात लावला. बॅटरी गार होती. आणि न्हाणीघरातून मामींच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता, जो त्यांनी खोकला झाल्यापासून ऐकला नव्हता. मामा तिथेच, पलंगाखाली, धुळीत गाल टेकून पडून राहिले. भीती वाटायला हवी होती. पण त्यांना हसू येत होतं आणि रडूही येत होतं.

मग तो रिवाजच पडला. संध्याकाळी भरलेली घरी आणायची, सकाळी रिकामी दुकानात न्यायची आणि फळीवर चार्जिंगला लावायची. गिऱ्हाइकाच्या मालाला ते हात लावत नसत; स्वतःच्या जुन्या, भाड्याने द्यायच्या बॅटऱ्या होत्या, त्याच आलटून पालटून न्यायचे. मामींचा ताप उतरला. खोकला मात्र चिवट. तरी त्या कुंड्यांना पाणी घालायला लागल्या, घड्याळजीच्या बायकोशी कठड्यावरून गप्पा मारायला लागल्या. एखाद दिवशी मामांना बॅटरी आणायला जमलं नाही की दुसऱ्या दिवशी मामींचे ओठ निळसर दिसायचे.

या विषयावर दोघं कधी बोलले नाहीत. फक्त एकदा चहा ओतता ओतता मामी सहज म्हणाल्या, "कालची ट्रकची होती का हो? झोप छान लागली."

मामांनी बशी पुढे केली. "ट्रकचीच," ते म्हणाले.

"परवाची कुठली तरी फुसकी होती," मामी म्हणाल्या, आणि साखरेचा डबा त्यांच्यापुढे सरकवला.

नंतर मोठं वादळ झालं. गावाला वीज आणणाऱ्या मोठ्या तारांचा मनोराच आडवा झाला, आणि सगळ्या गावाची वीज गेली. आज येईल, उद्या येईल असं सगळे म्हणत राहिले. जनरेटर होते ते दवाखान्याला आणि पाण्याच्या पंपांना गेले. मामांच्या फळीवरचे चिमटे नुसते लोंबत होते. भरलेल्या होत्या तेवढ्या बॅटऱ्या एकेक करून घरी गेल्या आणि रिकाम्या होऊन आल्या. शेवटी स्कूटरची काढून नेली. ती तर मामींना दातालाही पुरली नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मामी पलंगावर उताण्या पडल्या होत्या. खिडकीतून येणारा उजेड राखाडी झाला होता. त्यांचा श्वास वरच्या वर चालला होता.

"दवाखान्यात जाऊ," मामा म्हणाले. "गाडी बघतो."

"काय करणार आहेत तिथे? डबी बदलतील? खोकला गेलेला नाही." मामींनी डोळे न उघडता हात पुढे केला. "बसा जरा इथे. तुम्ही नुसते आत-बाहेर करता, त्यानेच मला दम लागतो."

मामा पलंगाच्या कडेवर बसले आणि त्यांनी तो हात हातात घेतला. बर्फासारखा हात. ते चोळत राहिले. मग चोळायचं थांबले, कारण त्यांच्या बोटांच्या टोकांतून काहीतरी निघून चाललं होतं. दुखत नव्हतं. विहिरीच्या पाण्यात हात सोडावा तसा गारवा मनगटापर्यंत चढला, मग कोपरापर्यंत. मनगटावरच्या घड्याळाचा काटा अडखळला, पुन्हा एकदा पुढे सरकला, आणि थांबला.

मामींच्या ओठांचा निळेपणा ओसरत होता. गालावर हलका रंग येत होता. श्वास खोल गेला.

हात काढून घ्यायला काहीच लागलं नसतं. मामांना सगळं कळलं होतं. त्यांना नाही कळणार तर कुणाला? त्यांनी दुसराही हात मामींच्या हातावर ठेवला, आणि अंधार पडेपर्यंत तसेच बसून राहिले.

वीज आली. मामांनी हौसेने चांगली भरलेली बॅटरी घरी नेली. सकाळी मीटर लावला, तर ती जशीच्या तशी भरलेली. दुसरी नेली, तीही तशीच. पलंगाखालून आता कुणी काही घेत नव्हतं. जे घ्यायचं ते जवळून मिळत होतं.

मामी पार बऱ्या झाल्या. खोकला गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डबी तर अगदी नव्यासारखी दाखवतेय. आता कशाला उगाच चिरायचं?" मामी भाजीला पायी जाऊ लागल्या, केसांना फूल लावू लागल्या. मामांना जिना चढताना मध्येच थांबावं लागे, बॅटरी उचलताना डोळ्यांपुढे अंधारी येई, चारचौघांत बसल्या बसल्या डुलकी लागे. पण मामींचं गुणगुणणं ऐकलं की त्यांना वाटे, आयुष्यात केलेल्या कामांपैकी हे एक काम आपल्याला खरंच जमलं.

मनगटावरचं घड्याळ रोज सकाळी बंद असायचं. शेवटी त्यांनी ते घड्याळजीपुढे ठेवलं. "यातला सेल काढूनच टाक बाबा. रोज रोज कुठे बदलायचा?"

"आणि बंद घड्याळ घालून फिरणार?"

"मनगटाला सवय आहे."

घड्याळजीने सेल काढला, झाकण लावलं, आणि घड्याळ परत देताना मामांच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. त्याच संध्याकाळी कठड्यावरून ही गोष्ट मामींपर्यंत पोहोचली.

मामा घरी आले तेव्हा मामी अंधारात बसल्या होत्या. त्यांनी मामांचा हात ओढून घेतला, उजेडात नेला, बंद घड्याळ बघितलं, आणि सोडून दिला.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"कान खाजवू नका! कधीपासून हे चाललंय तुमचं?"

मामांनी कानावरचा हात खाली घेतला.

"मला वाटलं, बॅटऱ्यांनीच भागतंय," मामींचा आवाज फुटला. "मी मेली खुशाल भाजीला जाते, फुलं माळते, आणि तुम्ही इकडे... गिऱ्हाइकांवर एवढे ओरडता ना? मग स्वतःला नाही कळत?"

"अगं, ते बॅटऱ्यांचं. माणसांचं वेगळं असतं."

"काय वेगळं असतं?"

"तू गुणगुणतेस," मामा एवढंच म्हणाले.

मामींनी डोळे पुसले, उठल्या, आणि आपलं अंथरूण गुंडाळून बाहेरच्या खोलीत नेऊन टाकलं. आजपासून वेगळं झोपायचं म्हणाल्या. थोड्या वेळाने मामा उशी काखोटीला मारून मागोमाग हजर. मामी परत आत गेल्या. मामाही परत आत. शेवटी मामी हसायला लागल्या, हसता हसता रडायला लागल्या, आणि "मेल्यावरसुद्धा पिच्छा सोडणार नाही हा माणूस," म्हणून त्यांनी मामांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मामांना ते डोकं उबदार लागलं आणि आपला खांदा गार होताना कळला. ते हलले नाहीत.

आणि एक दिवस भर दुपारी, दुकानात बॅटरी उचलताना मामा खाली बसले ते उठलेच नाहीत. घड्याळजी भिंग डोळ्यावर तसंच ठेवून धावत आला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं, आणि त्यांचं तोंड गंभीर झालं. हृदय फार थकलंय, म्हणाल्या. इथेच राहा म्हणाल्या.

"उद्या सकाळी येतो," मामा म्हणाले. "आज घरी जाऊ द्या." घरी का जायचंय ते त्यांनी सांगितलं नाही. रात्रभर मामी एकट्या राहिल्या तर काय, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

घड्याळजीने त्यांना पलंगावर आणून निजवलं आणि तो लेकीला फोन करायला बाहेर गेला. लेक दुसऱ्या गावी नोकरीला होती. संध्याकाळच्या गाडीने निघते म्हणाली.

दुपार टळत होती. खिडकीतून उन्हाची एक पट्टी पलंगावर पडली होती. मामी आल्या, दार ओढून घेतलं, आणि मामांच्या शेजारी पडल्या.

"तिकडे झोप," मामा पुटपुटले, पण त्यात जोर नव्हता. त्यांना तिनं जायला नकोच होतं. तिला घेऊ दे, त्यांच्या मनात आलं. जे काय राहिलंय ते.

"गप्प पडा हो जरा," मामी म्हणाल्या. त्यांनी मामांचं घड्याळाचं मनगट आपल्या हातात घेतलं आणि घट्ट धरलं. "आणि मला सांगा. त्या दोन बॅटऱ्या. देते कोण आणि घेते कोण?"

"भरलेली देते..." मामांचे डोळे मिटत होते. "रिकामी घेते."

"हं," मामी म्हणाल्या. "झोपा आता."

मामांना झोप लागली.

जाग आली ती उबेने. उन्हात वाळवलेलं पांघरूण अंगावर घ्यावं, तशी ऊब सगळ्या अंगभर होती. छातीतलं ओझं गेलं होतं. किती दिवसांनी श्वास असा तळापर्यंत गेला. मामा डोळे मिटून त्या सुखात पडून राहिले.

टिक, टिक, टिक.

भिंतीवरचं घड्याळ, त्यांना वाटलं. मग आठवलं, त्यात सेल घालायचं केव्हाच सोडून दिलंय.

टिक, टिक.

आवाज जवळून येत होता. त्यांच्या मनगटातून.

मनगटावर मामींचा हात होता.

हात गार होता.

मामा उठून बसले. इतक्या सहज, की त्यांना स्वतःचीच भीती वाटली. त्यांनी मामींचे दोन्ही हात आपल्या छातीवर दाबून धरले. "घे," ते म्हणाले. "अगं, घे ना. मी भरलेला आहे. घे."

ते कितीतरी वेळ तसे बसले. गारवा बोटांतून चढला नाही. काहीच निघून जाईना.

मामींच्या तोंडावर हसू होतं, आपलंच खरं केल्यावर असायचं ते.

डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी शेवटचं म्हणून चकती ठेवून बघितली. डबीत काहीही उरलेलं नव्हतं. "असं होत नाही," त्या म्हणाल्या, दोनदा म्हणाल्या. मग त्यांनी मामांची नाडी धरली, आणि तिसऱ्यांदा काही म्हणाल्या नाहीत.

सगळे सोपस्कार झाल्यावर घड्याळजी मामांजवळ येऊन बसला. त्याचं लक्ष त्यांच्या मनगटाकडे गेलं. सेकंदाचा काटा पळत होता. त्याने काही न विचारता घड्याळ सोडून घेतलं, मागचं झाकण उघडलं. सेलाची जागा रिकामी होती. हातात घेतल्यावर काटा थांबला होता. त्याने झाकण लावलं आणि घड्याळ स्वतःच्या हाताने पुन्हा मामांच्या मनगटावर बांधलं. काटा चालू लागला.

लेक काही दिवस राहिली. "बाबा, आता माझ्याकडे चला," तिने धोशा लावला. "इथे कोण आहे तुम्हाला?" मामांनी मान डोलावली. खरंच कोण होतं? दुकान घड्याळजीच्या भरवशावर सोडायचं ठरलं. लेकीने घर आवरलं, झोपायच्या खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळात नवा सेल घातला, विजेरीत नवे सेल घालून ती आईच्या उशीपाशी ठेवली, सकाळी लवकर निघायचं म्हणून. पलंगाखाली मागे राहिलेली भरलेली बॅटरी तिला दिसली नाही.

सकाळी तिने विजेरी दाबली. "बाबा, कसले सेल दिलेत हो त्या घड्याळजीकाकांनी! एका दिवसात गेले."

मामा बुटाची नाडी बांधत होते. ते थांबले. त्यांनी भिंतीकडे बघितलं. घड्याळ बंद होतं. स्वयंपाकघरातलं आपलं ठणठणीत चालू होतं.

मीटर पिशवीत खाली गेला होता. मामांनी तो शोधून काढला आणि लेक बघत असताना पलंगाखाली शिरले, मामींच्या बाजूने. मीटरचा काटा जागचा हलला नाही, आणि मामा बाहेर येईनात.

"बाबा? बरं वाटत नाही का?"

"बरं वाटतंय," आतून आवाज आला. "तू हो पुढे, पोरी. मला नाही जमायचं."

लेक रागावून, रडून, शेवटी एकटीच गेली.

त्या संध्याकाळी दुकान बंद करताना मामांनी ट्रकची भरलेली बॅटरी उचलली आणि स्कूटरवर ठेवली. चांगली, दणदणीत होती. फुसकी नको म्हणून त्यांनी ती दुपारी दोनदा तपासली होती.

घड्याळजी शटर ओढत होता. तो थबकला. "मामा, आता कशाला घरी नेता ती?"

"दुकानात जागा नाही रे," मामा म्हणाले, आणि त्यांनी कान खाजवला.

त्यांच्या मागे, भिंतीला, अख्खी फळी रिकामी होती.